बिननावाचे हिरे

माइनक्राफ्ट या खेळात मेलं की अंगावरचं सगळं तिथल्या तिथं सांडतं. तलवार, कुदळ, चिलखत, खिशातला पाव, सगळं. पाच मिनिटांत परत येऊन उचललं तर आपलं, नाहीतर गेलं. लावात पडून मेलं तर ती पाच मिनिटंही मिळत नाहीत, वस्तू पडताक्षणीच जळतात. २०२३ च्या मे महिन्यात माझी भाची अशी मेली तेव्हा तिच्याकडे १९ हिरे होते. तेरा वर्षांची पोर, पण त्या रात्री ती जेवली नाही. ताईनं मला फोन करून विचारलं, "अरे, तुझा तो सर्व्हर आहे ना? मग तिचे ते हिरे तुला परत देता येत नाहीत का?"

देता येत होते. सर्व्हर माझ्याच घरी, टीव्हीखालच्या कपाटातल्या जुन्या लॅपटॉपवर चालतो. मी त्याचा ऑपरेटर. एक कमांड लिहिली की कुणाच्याही झोळीत हवे तेवढे हिरे पडतात. पण ते दिले नाहीत. भाचीला म्हटलं, गेले ते गेले, पुढच्या वेळी जाणार नाहीत अशी सोय करू. आमची पेढी इथून सुरू झाली.

तेव्हा सर्व्हरवर आम्ही चौदा जण होतो. ताईची दोन मुलं, त्यांचे शाळेतले मित्र, नागपूरला इंजिनिअरिंग करणारा माझा चुलत भाऊ, डब्लिनला राहणारी मामेबहीण, आणि ऑफिसातले आम्ही दोघं-तिघं. मे महिना, सगळ्यांना सुट्टी, रोज रात्री नऊनंतर कॉल लावून खेळायचं. मामेबहिणीच्या घड्याळात तेव्हा दुपार असायची, ती चहाच्या सुट्टीत डोकावून जायची.

पहिला विचार लॉकरचा आला. खेळात एंडर चेस्ट नावाची एक पेटी असते. आठ ऑब्सिडियन आणि एक आय ऑफ एंडर लागतो ती बनवायला. तिच्यात २७ कप्पे. गंमत अशी की पेटी एकच असली तरी उघडणाऱ्याला फक्त स्वतःचं सामान दिसतं, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या एंडर चेस्टमध्येही तेच सामान हजर असतं. चोरी नाही, नासधूस नाही. मी गावाच्या चौकात चार एंडर चेस्ट मांडल्या आणि मला वाटलं, झालं काम.

झालं नव्हतं. लॉकरमध्ये हिरे नुसते पडून राहिले. भाचीकडे चिलखतापुरते हिरे नव्हते आणि तिच्या मैत्रिणीच्या पेटीत ३० पडून होते. पूर्ण चिलखताला २४ लागतात: शिरस्त्राणाला ५, छातीला ८, पायांना ७, बुटांना ४. मैत्रीण द्यायला तयार होती, पण भाचीनं बुडवले तर काय, हा प्रश्न दोघींनाही पडला. दोघी मला विचारायला आल्या. लॉकर आणि बँक यांत काय फरक असतो ते मला त्या दिवशी नीट कळलं. हिशेबाच्या खात्यात नऊ वर्षं काम करूनही ते इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं.

चलन कोणतं, यावर वाद फार झाला नाही. पाचू आधी चालवून पाहिला, कारण गावकरी, म्हणजे खेळातले व्यापारी, पाचूतच व्यवहार करतात. पण बाण बनवणारा गावकरी ३२ काठ्यांना एक पाचू देतो. चुलत भावानं एका संध्याकाळी अख्खं जंगल तोडलं आणि ढीगभर पाचू करून आणले. दुसऱ्या दिवशी पाचूला कुणी विचारेना. सोन्याचं तेच, नेदरमध्ये, म्हणजे खेळातल्या पाताळात, यंत्र लावलं की सोनं आपोआप पिकतं. हिरा मात्र पिकत नाही. उणे ५९ च्या थरापर्यंत खाली उतरायचं, तासन्‌ तास बोगदे खणायचे, कुदळीवर फॉर्च्यून तीन ही जास्त माल देणारी जादू असेल तर एका खड्यामागे सरासरी २.२ हिरे हाती लागतात. शिवाय हिरा वापरून संपतोही, कुदळी झिजतात, चिलखतं लावात जातात. कष्टानं मिळणारी आणि लोकांना खरोखर लागणारी अशी ती एकच वस्तू होती.

मग प्लगिन, म्हणजे सर्व्हरला वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम. मोठ्या सर्व्हरवर बँक म्हणजे प्लगिनच असतं. व्हॉल्ट आणि इसेन्शियल्सएक्स ही जोडी टाकली की एका तासात प्रत्येकाच्या नावावर शिल्लक दिसते, कमांड लिहून एकमेकांना पैसे देता येतात, सगळ्यात श्रीमंत कोण याची यादीही लागते. शेकडो माणसं खेळत असतील तिथं हेच बरोबर आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मीही टाकलं. चार दिवस चाललं. चौथ्या दिवशी धाकट्या भाच्यानं, तो नऊ वर्षांचा, विचारलं, "मामा, ते पैसे कुठे ठेवलेत?"

म्हटलं, कुठे ठेवलेले नाहीत, तो आकडा आहे.

"पण मी जाऊन बघू कुठे?"

त्याला बघायला जागा हवी होती. प्लगिन काढलं आणि चौकात दगडी पेढी बांधायला घेतली.

पेढीतलं मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे भरणा घ्यायचं मशीन. त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पुढचं सगळं त्याच्याच पोटातून निघालं. खिडकीखाली एक खोबण, त्यात हिरे टाकायचे. खोबणीखाली हॉपर, म्हणजे नरसाळ्यासारखा लोखंडी ठोकळा. वर पडेल ते तो गिळतो आणि पुढं सरकवतो, सेकंदाला अडीच नग. त्याच्या वाटेवर एक चाळणी, आणि ही चाळणीसुद्धा हॉपरचीच. हॉपरला पाच कप्पे असतात. पहिल्या कप्प्यात ४१ हिरे कायमचे भरून ठेवायचे. उरलेल्या चारांत एकेक काठी ठेवायची, पण साधी नाही, ऐरणीवर नेऊन मुद्दाम वेगळं नाव दिलेली. नाव दिलेली वस्तू बिननावाच्या वस्तूंच्या ढिगात मिसळत नाही, म्हणून त्या चार कप्प्यांत दुसरं काही शिरू शकत नाही. पहिला कप्पा हिऱ्यांचा, त्यात हिराच शिरतो. ४१ आणि ४ मिळून ४५ नग झाले. सेहेचाळिसावा आला की शेजारचा कंपॅरेटर, म्हणजे हॉपर किती भरला ते मोजणारं यंत्र, जागा होतो, त्याचा संकेत दोनावरून तीनावर जातो, खालची रेडस्टोनची, म्हणजे खेळातल्या विजेची, मशाल विझते, कुलूपबंद हॉपर उघडतो आणि तो जादाचा एक हिरा तिजोरीत उतरतो. मशाल पुन्हा पेटते. हिऱ्याशिवाय दुसरं काही टाकलं, म्हणजे बटाटा, दगड, लोखंड, तर ते चाळणीवरून पुढं वाहत जाऊन "परत" लिहिलेल्या पेटीत पडतं. कान देऊन ऐकलं तर प्रत्येक हिऱ्यामागे बारीकशी टक होते.

चुलत भावानं मशीन बघितलं आणि म्हणाला, "दादा, ४१ हिरे कशाला अडकवतोस? एकच हिरा ठेव आणि काठ्या ४४ कर. बेरीज तीच होते."

बरोबर होतं त्याचं. ही युक्ती मला ठाऊक होती. तरीही मी ४१ च ठेवले, आणि ते स्वतः खणून आणलेले ठेवले. अडीच आठवडे रोज रात्री सगळे झोपले की मी खाली उतरायचो. लोकांनी आपले हिरे या भोकात टाकायचे तर आत आधी माझे काही असले पाहिजेत, असं मला मनापासून वाटत होतं. पेढीचं भागभांडवल म्हणा हवं तर.

मशीन सुरू झालं त्या संध्याकाळी धाकटा भाचा सगळ्यात आधी खिडकीशी आला. त्याच्याकडे सात हिरे होते, त्यानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतः शोधलेले. त्यानं ते टाकले. सातही वाहत जाऊन "परत"च्या पेटीत पडले.

"मामा, मशीन खराब आहे. घेतच नाहीये."

पुन्हा टाकले, पुन्हा परत. मी जाऊन पेटी उघडली, एका हिऱ्यावर माउसचा बाण नेला, तर हिऱ्यावर त्याचं नाव. पठ्ठ्यानं ऐरणीवर जाऊन सातही हिऱ्यांना स्वतःचं नाव दिलं होतं, हरवू नयेत म्हणून. मशीन खराब नव्हतं. नाव असलेला हिरा बिननावाच्या ४१ मध्ये मिसळत नव्हता, एवढंच.

त्याला समजावून सांगणं मला वाटलं त्यापेक्षा खूप अवघड गेलं. मी म्हटलं, नावाचे ठेवायचे तर लॉकरमध्ये ठेव, तिथं तुझे तुलाच मिळतील, पण ते नुसते राहतील. पेढीत टाकायचे तर नाव पुसावं लागेल. मग ते सगळ्यांच्यात मिसळतील, कुणाच्या तरी उपयोगी पडतील, आणि तू मागशील तेव्हा तुला सात मिळतील.

"हेच सात?"

"नाही. सात."

बराच वेळ तो खिडकीशी उभा होता. मग ऐरणीकडे गेला. नाव पुसायलाही अनुभवाचा एक स्तर खर्च होतो, तो त्यानं केला. परत येऊन एकेक करून हिरे टाकले. सात वेळा टक झाली. मी आजवर हजारो भरणा पावत्या तपासल्यात, पण पैसे भरणं म्हणजे नेमकं काय करणं असतं, ते मी त्या संध्याकाळी पाहिलं. माणूस आपलं नाव वस्तूवरून पुसतो आणि ते दुसऱ्याच्या वहीत लिहू देतो.

वहीचं मी आईकडून घेतलं. आई आमच्या गल्लीतल्या बचत गटाचं रजिस्टर अकरा वर्षं लिहायची. तिचा एक नियम होता, बाईला समोर बसवल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, आणि लिहिला की मोठ्यानं वाचून दाखवायचा. "भरले पन्नास, मागचे साडेआठशे, एकूण नऊशे." लिहिता न येणाऱ्या बायका तो आकडा ऐकून तोंडपाठ करून जायच्या. मी पेढीचं खातं लिहायला बसलो तेव्हा आई सोफ्यावर होती. पडद्याकडे बघून तिला फारसं काही कळत नव्हतं, पण एवढं विचारलंच, "पोरांना समोर घेऊन लिहितोस ना?"

खेळातलं पुस्तक या कामाला फार चांगलं आहे. शंभर पानांची वही मिळते, लिहून सही केली की त्यात पुन्हा कुणालाच बदल करता येत नाही, लिहिणाऱ्यालाही नाही. सहीबरोबर लेखकाचं नाव कायमचं चिकटतं. म्हणजे माझ्या सहीचं पुस्तक दुसरा कुणी बनवू शकत नाही. दर रविवारी मी आठवड्याचा जमाखर्च लिहून सही करायचो आणि ते पुस्तक पेढीच्या दारातल्या लेक्टर्नवर उघडून ठेवायचो. लेक्टर्न म्हणजे पोथी ठेवायच्या व्यासपीठासारखं असतं, येणारा-जाणारा कुणीही पानं उलटून वाचू शकतो. कुणाचे किती जमा, कुणाकडे किती येणं, सगळं उघड.

पावत्याही अशाच पुस्तकांच्या. "दहा हिरे देणे" असं लिहून सही केलेलं पुस्तक मी देत असे, आणि ते नोटेसारखं हातोहात फिरू लागलं. मग एके दिवशी भाच्याचा मित्र दहाच्या दोन पावत्या घेऊन आला, तर मी त्याला एकच दिली होती. सही केलेल्या पुस्तकाची नक्कल करता येते हे त्यानं शोधून काढलं होतं. घाबरला नाही, उलट मला दाखवायलाच आला होता. आम्ही दोघांनी मिळून पाहिलं. नकलेवर "मूळ प्रतीची नक्कल" असं उमटतं, नकलेच्या नकलेवर तसं उमटतं, आणि त्यापुढं नक्कल निघतच नाही. मूळ प्रत फक्त लेखकाच्याच हातून निघते. त्या दिवसापासून पेढीच्या दारावर पाटी लागली: फक्त मूळ प्रतीवर पैसे मिळतील. ती पाटी त्या मुलानंच लिहिली.

रात्री सगळे गेले की मी वाचत बसायचो. खेळांतल्या बँका आजच्या नाहीत. सेकंड लाइफ या आभासी जगात गिंको नावाची एक बँक होती, वर्षाला चाळीस टक्क्यांहून जास्त व्याज देणारी. २००७ च्या ऑगस्टमध्ये लोक पैसे काढायला आले आणि तिच्याकडे द्यायला नव्हते. ते जग चालवणाऱ्या लिंडन लॅबनं मग जानेवारी २००८ मध्ये खऱ्या जगातला परवाना नसलेल्या सगळ्या बँका बंद केल्या. ईव्ह ऑनलाइन हा आइसलँडच्या कंपनीचा अंतराळातला खेळ. तिथं खेळाडूंनीच चालवलेली ईबँक होती. २००९ मध्ये तिच्या प्रमुखानंच सुमारे २० हजार कोटी इस्क, म्हणजे तिथलं चलन, बाहेर काढले आणि खऱ्या पैशांना विकले. घराचा पहिला हप्ता आणि मुलाचं आजारपण, ही कारणं त्यानं सांगितली होती. बातमी फुटताच खातेदारांची रांग लागली. दोन्हीकडे तिजोरी बाहेरून कुणी फोडली नव्हती. किल्ली ज्याच्याकडे होती, तिथूनच सगळं गेलं.

हे वाचताना मला आमच्या गावची पतसंस्था आठवत होती. नाव घेत नाही. गटाचे १८ हजार रुपये आईनं तिथं ठेवले होते. एका सोमवारी शटर अर्धं खाली आलं आणि मग वर गेलंच नाही. बँकेतल्या ठेवींना आता पाच लाखांपर्यंत विमा असतो, २०२० पासून, पण पतसंस्थेच्या ठेवींना तो तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. बायका आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. आईनं रजिस्टर काढलं आणि प्रत्येकीचा आकडा नेहमीसारखा मोठ्यानं वाचला, आणि प्रत्येक आकड्यानंतर एक शब्द जास्त: "अडकले." मी सहावीत होतो. कुणी ओरडलं नाही. एक बाई म्हणाली, "वाचून तरी दाखवलंस." ते पैसे सहा वर्षांनी, तेही अर्धेच, मिळाले.

म्हणून आमच्या पेढीत दोन गोष्टी आधीच ठरल्या. एक म्हणजे ठेवीवर व्याज नाही. मुलं दामदुप्पट मागत होती, मी नाही म्हटलं. दुसरी म्हणजे तिजोरी काचेची. जमलेल्या हिऱ्यांचे नऊ-नऊचे ब्लॉक करून ते काचेमागे रचायचे, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही मोजता येतील. मेअखेर ११ जणांचे मिळून १३८ हिरे जमले. काचेमागे १५ निळे ब्लॉक आणि वर तीन सुटे. संध्याकाळी आत मशाली लावल्या की चौकातून ते फार सुंदर दिसायचे.

मग कर्ज द्यायला सुरुवात केली. चुलत भावानं चिलखतासाठी २४ घेतले, २७ परत करायचे ठरले. आणखी तिघांनी मिळून ३६ घेतले. ६० गेले, ७८ उरले. काचेमागे आता आठ ब्लॉक आणि सहा सुटे.

दुसऱ्या दिवशी धाकट्याचा फोन आला, ताईच्या मोबाइलवरून. आवाज एकदम लहान झालेला.

"मामा, पंधरा होते. आता आठ आहेत."

"हो."

"सात कमी झाले. माझे सातच होते."

त्याच्या हिशेबात गेले ते त्याचेच होते. एका ब्लॉकमध्ये नऊ हिरे असतात वगैरे सांगून उपयोग नव्हता. मी त्याला लेक्टर्नपाशी नेलं, त्याचं पान काढलं, सातचा आकडा वाचून दाखवला. मग कर्जाचं पान काढून चौघांची नावं वाचून दाखवली. "यांच्याकडे आहेत. हे आणून देणार आहेत." तो म्हणाला, "आणि नाही आणले तर?" मी म्हटलं, मशीनमध्ये माझे ४१ आहेत. तो गेला, पण रोज शाळेच्या अभ्यासासारखा येऊन ब्लॉक मोजून जाऊ लागला.

शाळा सुरू व्हायच्या आधीचा शनिवार. आम्ही दहा जण खेळत होतो. चुलत भाऊ नवं चिलखत घालून नेदरमध्ये उतरला. तिथं जमिनीपेक्षा लावाच जास्त. कुणी मेलं की हा खेळ एक ओळ सगळ्यांच्या पडद्यावर छापतो. रात्री पावणेदहाला ती आली: अमक्यानं लावात पोहायचा प्रयत्न केला. कॉलवर एकदम शांतता. मग त्याचा आवाज, "दादा, सगळं गेलं."

पुढची दहा मिनिटं मी कधी विसरणार नाही. कुणी कुणाला काही बोललं नाही, पण एकेक जण चौकाकडे चालायला लागला. आधी भाचीची मैत्रीण, मग मुलांचे मित्र, मग ऑफिसातला सहकारी. पेढीच्या दारात रांग लागली, चौकोनी डोक्यांची, एकमेकांच्या अंगावर अंग. चॅटवर पहिला निरोप आला: माझे ३० द्या.

हिशेब डोक्यात करायला क्षणभर पुरला. देणं १३८. काचेमागे ७८. बाकी तिघांकडचे ३६ बुडालेले नव्हते, पण ते आत्ता हातात नव्हते. कुणी त्याची कुदळ केली होती, कुणी जादूचं टेबल. मशीनमधले माझे ४१ मोजले तर पेढीकडे १५५ होते, म्हणजे देण्यापेक्षा जास्त. बुडालेली नव्हती पेढी. पण त्या रात्री हातात फक्त ११९ होते, आणि रांगेतल्या कुणाला १५५ मध्ये काही रस नव्हता. त्यांना काचेमागचे आठ ब्लॉक दिसत होते.

कमांडची ओळ माझ्यासमोर उघडी होती. गिव्ह, माझं नाव, डायमंड, ६०. एंटर दाबायचं बाकी. कुणाला कळलं नसतं, ऑपरेटर मी एकटाच. मी ते लिहिलंही होतं, ६० पर्यंत. पण ते ६० आले असते तर काचेमागचे ७८ ही खोटे झाले असते, आणि भाचीचे १९, जे मी दिले नव्हते, त्यांचं मी तिला काय सांगितलं असतं? मी ओळ खोडली. कपाटाजवळ जाऊन आलो, पाणी प्यायलो.

मग कॉलवर सगळ्यांना थांबायला सांगितलं आणि पुस्तक वाचलं. जमा कुणाचे किती, नावानं. येणं कुणाकडून किती, नावानं. मशीनमध्ये ४१ आहेत ते आत्ता काढतो. १९ कमी पडतील. जो रांगेत पुढं आहे त्याला आधी. आवाज माझा कापत होता हे मला ऐकू येत होतं.

मशीन फोडलं. चाळणीच्या हॉपरवर कुदळ मारली तशी ४१ हिरे आणि चार काठ्या जमिनीवर उसळून पडल्या. काचेच्या मागून ब्लॉक काढले, त्यांचे सुटे केले, आणि खिडकीतून एकेकाला मोजून दिले. प्रत्येकाचा आकडा वाचायचा, द्यायचं, त्याच्याकडून "मिळाले" म्हणवून घ्यायचं, वहीत लिहायचं. तासाभरानं ११९ संपले. राहिली ताई, ११ हिऱ्यांची, आणि मामेबहीण, ८ ची. तिनं डब्लिनहून लिहिलं, "माझं राहू दे, मी आता चहा करायला चाललेय." ताईनं काहीच लिहिलं नाही, नुसती जाऊन ओट्यावर बसली. म्हणजे तिची बाहुली बसली. मला आमचा ओटा दिसला.

चुलत भाऊ त्याच रात्री उणे ५९ ला उतरला. सोमवारी त्यानं सहा आणले, गुरुवारी पाच. २७ पुरे व्हायला जुलै उजाडला. त्यातूनच ताईचे आणि मामेबहिणीचे फिटले, बाकीच्या तिघांचे नंतर आले.

रांगेत पाचवा होता धाकटा. त्याचा नंबर आला तेव्हा मी नेहमीसारखं वाचलं: जमा सात, दिले सात, शिल्लक शून्य. सात हिरे खिडकीतून टाकले. त्यानं उचलले. मागं तिघं उभी होती, तरी तो हलला नाही. प्रत्येकावर बाण नेऊन बघत होता, मला कळत होतं. कुठल्याच हिऱ्यावर नाव नव्हतं.

"मशीन परत कधी करणार?"

"४१ जमले की."

"किती दिवस?"

"अडीच आठवडे तरी."

"मग तोपर्यंत माझ्याकडे राहू देत."

"बरं."

तो वळला. घराच्या वाटेवर, चौकाच्या कोपऱ्यात, ऐरण होती. तो तिच्यापाशी गेला, थांबला नाही, एक उडी मारून तिच्यावरून पलीकडे उतरला आणि पळत घरी गेला.